रंग तेवढा तू सांग

मी महामाया किसनराव तायडे, वय सहासष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. कंबरेखालचं गेलं, डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. राजीखुशी हा शब्द कायद्याचा. खुशी फारशी नाही. पेन नवऱ्याने आणून दिला. काय लिहितेस, हे विचारलं नाही. "निळा पाह्यजे का काळा?" एवढंच विचारलं.

१. राहतं दोन खोल्यांचं घर माझ्या कमाईचं, माझ्या नावावर. माझ्यामागे ते सून समता हिचं एकटीचं. मुलगा संघर्ष याचा त्यात हक्क नाही. बाबू, रागावू नको. तू बापावर गेलास.

कारण सांगते. आमच्याकडे वस्तू कोणती घ्यायची, कधी, कुठून, सगळं किसनराव ठरवायचे. मग दुकानात चारचौघांत मला पुढे करायचे, "रंग तेवढा तू सांग." कूलर, कपाट, भिंती, सगळ्यांचे रंग माझे. शेजारची मनकर्णाबाई म्हणायची, "तुहा नवरा तुले इचारते तरी, बाई!" मीही फुगायची.

गुडघे गेले तेव्हा खुर्चीसारखा संडास मागितला. जन्मात तोंडाने मागितलेली ती एकच वस्तू. हे म्हणाले, "पाहू. आधी सोफा घेऊ, घरी चार लोक येतात." सोफा मरून रंगाचा घेतला, रंग मीच सांगितला. त्या पावसाळ्यात संडासात उठता उठता पडले आणि खुबा मोडला. मग हे मलकापूरला धावले. दुकानातून फोन, "पांढरा पाह्यजे का गुलाबी?" मी फोन ठेवून दिला. आता तो संडास बसवलाय, पण मला तिथवर जाता येत नाही. आग लागो त्या रंगांना!

२. मरून सोफा किसनरावांना. चार लोकांची वाट त्यांनी त्यावर बसून पाहावी. मरेपर्यंत याच घरात राहावं; समताने वेळेवर भाकर द्यावी. मात्र तिने घरात काही आणायचं ठरवलं, तर त्यांनी फक्त रंग सांगावा.

३. गेल्या महिन्यात संघर्षने मोटरसायकल ठरवून टाकली आणि समताला म्हणाला, "रंग तू सांग." पोरीचा चेहरा उजळला. "निळा," म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. त्याच दिवशी हे लिहायचं ठरवलं. समता, घर तुझं आहे. त्यात काय यावं ते तू ठरव, आणि संघर्षशी बोलून ठरव. माझ्यासारखी एकदा मागून गप्प बसू नको.

४. माझा अंत्यविधी बौद्ध रीतीने करावा. कापड आणायला दुकानात कोणीही जावो. ते पांढरंच मिळेल, आणि मला कोणी रंग विचारणार नाही.

खालील दोघांसमोर उशीला टेकून सही केली. किसनराव तेव्हा बाहेर सोफ्यावर होते.

सही: महामाया किसनराव तायडे

साक्षीदार:
१. शालूबाई गवई, सही
२. धम्मरत्न इंगळे, सही

ठिकाण: वडनेर भोलजी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४