लहूमामाच्या उशाचा वाल

प्रिय मामा,

पयलं कबूल करून टाकतो. तुझ्या मातीवर वाल उगवलाय ना, तो आपोआप नाय उगवला. मी पेरला. रोज कळशीभर पाणी पण मीच ओततो. आणि ते पाणी शेजारच्या सोमीकाकीच्या पिंपातलं हाय. चोरलेलं.

तुला वाचता येत नाय, म्हणून तर बिनधास्त लिहितोय! आश्रमशाळेतून पळून आलो तेव्हा तू बोललेलास, "जान्या, शिकलेलं फुकट जाईल रे." बघ, नाय गेलं फुकट. चोरी लिहायच्या कामाला आलं.

आज लिहितोय कारण आज ओहोळात खणताना ओल लागली. सगळी वाडी नाचली. मी सोडून.

थांब, सगळं सांगतो. तुला कसं कळणार, तू तर खाली झोपलायस.

तुझा खड्डा खणायला मी पण होतो. ओहोळाच्या वळणावर, काठावरच्या मोहाच्या झाडाखाली. तूच जागा सांगून ठेवलेलीस. गुडघ्याएवढं खणलं, कोरडं. कमरेएवढं खणलं, तरी कोरडं. बारकूकाका कुदळ टेकून बोलला, "अरे, दिवाळी आताशी झाली. दसऱ्यापर्यंत पाऊस होता ना?" तुझ्या अंगावर टाकली ती माती कुठली, भुसाच तो! वारा आला की उडायचा.

जन्मभर लोकांना ओल दाखवलीस आणि तुलाच आमी कोरड्यात झोपवलं. मला ते बघवलं नाय रे.

आठवतं, भात कापून झालं की शेणवे गावाकडचे शेतकरी तुला हाक मारायचे? "लहू, वाल टाकू का?" तू विळ्यानं उकरायचास, खालची मूठभर माती काढायचास, दाबून लाडू करायचास आणि कमरेवरून सोडायचास. लाडू फुटला तर नको. राहिला तर टाक. भाताच्या मागं राहिलेल्या ओलीवर वाल यायचा, वरून पाण्याचा थेंब नाय लागायचा.

एकदा मी त्या लाडवात खेकडा घातला. छोटाच होता! तू दाबलंस आणि त्यानं तुझा अंगठा धरला. काय उडालास मामा! शेतकरी घाबरला, त्याला वाटलं जनावर चावलं. आणि तू अंगठा झाडत हसत काय बोललास? "टाक रे वाल! खेकडा हाय म्हणजे ओल हाय!"

मार पडेल म्हणून मी मोहावर चढून बसलेलो. तू खालून भाकर दाखवलीस.

तू सांगायचास, तुझ्या लहानपणी पौषात म्हशाच्या जत्रेला जाताना हा ओहोळ ओलांडायला चड्डी वर करायला लागायची. माझ्या लहानपणी चप्पल भिजायची. आता जत्रा सोड, दिवाळीलाच त्यातनं धूळ उडते. पाऊस काय कमी पडतो? बदाबदा पडतो, पूल बुडवतो. पण अशा पाव्हण्यासारखा, जो दारातनंच ओरडतो आणि चा न पिता जातो. मुरायला टाइम कुठं त्याला? धरणात तरी जमतं. आपल्याकडं नाय थांबत.

गेल्या साली तू लाडू सोडलास आणि त्याचं पीठ झालं. दुसरा केलास, त्याचं पण पीठ. तिसऱ्याला शेतकरीच बोलला, "राहू दे लहू." तेव्हा तू माझ्याकडं वळून बघितलंस. मामा, तुला वाटलं का, मी काय खोडी केली असेल? आईशपथ, मी काय नव्हतं केलं! त्या साली तरी नाय. तुला सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतर तुला कोणी हाक मारली नाय. तू पण विळा कुडाला खोचलास तो खोचलासच.

तुला पुरलं त्या रात्री मी तुझं बियाण्याचं गाडगं उघडलं. राखेत ठेवलेला वाल. खायला काढलेला, खरं सांगतो. पण हातात घेतला आणि नाय खाववला. सकाळी तुझ्या उशाशी नेऊन खुपसला. कोरड्यात काय उगवणार? म्हणून पाणी. पाणी कुठनं? आपला हंडा तर गळका. म्हणून काकीचं पिंप. बायका दुपारी लाकडं आणायला रानात गेल्या की मी कळशी बुडवायचो.

काकी खालच्या गावातनं डोक्यावर आणते ते पाणी. रोज ओरडायची, "माझ्या पिंपातलं पाणी पितं कोण? भूत हाय का रेडा?"

मी बोललो, "काकी, रेडाच असेल. भुताला एवढी तहान नसते."

"मग त्या रेड्याला सांग, पुन्हा पाणी प्याला तर शिंगं मोडीन!"

तिला कळलं होतं का, काय माहीत. माझ्या डोक्याकडंच बघत होती.

वाल उगवला मामा! हिरवागार, दोन पानांचा. तेवढ्यात वीटभट्टीचा टेम्पो आला. तुला माहीत हाय ना, टेम्पो आला की वाडी कशी होते. दारं बांधलेली, कोंबड्या टोपलीत, पोरं आधीच वर चढून बसलेली. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते. माझी कसली जोडी? दरसाली मागं तू, मी आणि शेळी. मी बंद दारामागनं गणपतकाकाचा आवाज काढायचो, "लहू, बिडी हाय का?" आणि तू बाहेरनं खरंच बिडी सरकवायचास. यंदा आवाज काढला असता तर बिडी कोणी सरकवली असती?

निघताना काकी तुझ्या पाया पडायला मोहाखाली गेली. आणि तिथनंच ओरडली, "आवो! इकडं या! लहूनं ओल दाखवली!"

सगळे धावले. बारकूकाकानं पानाला हात लावला. "पाण्याबिगर वाल? या दिवसांत? खाली झरा हाय गो!"

गणपतकाका बोलला, "असेल. पण मेल्याच्या पायथ्याचं पाणी पियाचं?"

काकी त्याच्यावर फिरली. "जिता असताना त्याच्या ताटातली भाकर ओढून खायचास, तेव्हा नाय लाज वाटली?"

मुकादम हॉर्न मारून मारून वैतागला. "मेलेल्या माणसाचं ऐकून काम सोडता?"

"जित्तेपणी तरी तो कधी खोटं बोलला?" काकी बोलली. "जत्रा झाल्यावर ये. पाणी लागलं तर आमी हितंच राहणार, वांगी लावणार. नाय लागलं तर चढतो गपचूप."

टेम्पो रिकामा गेला. तेव्हाच सांगायचं होतं रे मला! तोंड उघडलं पण होतं. पण पोरं टेम्पोतनं उड्या मारून उतरत होती, दारं परत उघडत होती, चुली पेटत होत्या. मी तोंड मिटलं. मला वाटलं, दोन दिवस तरी राहू देत.

दोन दिवसांचे किती झाले! काठाखाली, ओहोळाच्या कोरड्या पात्रात सगळे पाण्यासाठी डवरा खणतायत. बाया पाट्या ओढतायत. मी पण खणतो, सगळ्यांपेक्षा जास्त. लोक बोलतात, "जान्या सुधारला." आणि दुपारी खणणं थांबलं, बायका लाकडांना गेल्या की मी कळशी ओततोच हाय. वाल सुकला तर?

आज काकी खड्ड्यात उतरली, खालची मूठभर माती घेऊन वर आली. तुझ्यासारखा लाडू केला. कमरेवरून सोडला.

नाय फुटला, मामा.

बारकूकाका रडला. माझ्या हातात दिला तो लाडू, "धर, तुझ्या मामाची ओल." थंड होता. मी फोडून बघितला, आत खेकडा हाय का. नव्हता. असता तर मी पण नाचलो असतो.

आता तूच सांग. ही तुझी ओल का माझी कळशी? काठावर ओतलेलं पाणी मुरून खाली एवढं जाईल काय? तू असतास तर हुंगून सांगितलं असतंस. मला कुठं शिकवलंस? शिकवत होतास तेव्हा मी खेकडे शोधत होतो!

म्हणून ठरवलंय. उद्यापासनं एक थेंब ओतणार नाय. काकीचं पिंप मी स्वतः भरणार, डोक्यावरनं आणून. हसायचं तर हस. जत्रेपर्यंत वाल हिरवा राहिला आणि डवऱ्यात पाणी चढलं, तर ती ओल तुझी. वाल सुकला, डवरा कोरडा पडला, तर टेम्पो यायच्या आधी मी सगळ्यांसमोर उभा राहून बोलणार, रेडा मीच. मारतील, शिव्या देतील आणि जातील. मग मी आणि शेळी. तुझ्याजवळ बसेन. पण वचन हाय, बोलणार.

तोवर मात्र, मामा, तिकडं कोणी वाचणारा भेटला तरी हे वाचून घेऊ नको. आणि कळलंच तर सोमीकाकीच्या स्वप्नात जाऊन बडबडू नको, तुझी खोड मला माहीत हाय. कोणाला सांगू नको रे. पाया पडतो. जत्रेपर्यंत तरी नको.

तुझा
जान्या