सपाट पाण्यावरचं कारस्थान

४ मार्च, सकाळ
नोंद राहावी म्हणून लिहितो. माझ्या विमानातली माझी सीट कुणीतरी एक खाच पुढे सरकवली आहे. दोन्ही गुडघे समोर आपटले. पाण्यावर विमान उतरवणाऱ्या माणसाचे गुडघे! सफाईवाला म्हणतो, पुसताना सरकली असेल. असेल म्हणे. गुन्हेगार असंच मोघम बोलतात.

५ मार्च
साहेबांनी नोटीस लावली. सहलीचं विमान उतरण्याआधी उगाच पाण्यालगत आणायचं नाही. खाली तारा असतात, पक्षी असतात, होड्या असतात. शिवाय वारा पडला की तलावाचा आरसा होतो आणि पायलटला आपली उंची कळत नाही.
नोटिशीत कुणाचंच नाव नाही. म्हणजे माझंच.
उंची न कळणं नवशिक्यांना. मला पाण्याचा वास येतो. तरी संकल्प: उद्यापासून नियम पाळायचा.

६ मार्च
पाळला नाही. वरून बदकं दिसत नाहीत. गिऱ्हाईक काय ढग बघायला तिकीट काढतं?

८ मार्च
नवीन भानगड. आमची ही तिकीट खिडकीवर बसते. पण वारा पडला की खिडकी लावून ऑफिसची लाँच घेऊन निघते. मी जिथे खाली येतो नेमकी तिथे गोल गोल फिरते, सगळ्या पाण्याची घडी विस्कटते. कुठे गेली होतीस, विचारलं. म्हणाली, वारा खायला.
ज्या दिवशी वारा नसतो त्याच दिवशी!

१० मार्च
पाळत ठेवली. ही निघताना साहेब धक्क्यावर. त्यांनी हात हलवला. हिनेही हलवला. मला लग्नापासून कुणी हात हलवलेला नाही.
शक्यता दोन. एक, प्रकरण आहे. दोन, ही खालून माझी उंची बघून साहेबांना कळवते. दुसरी जास्त झोंबली.
जेवताना खडा टाकून पाहिला, लाँच पेट्रोल फार खात असेल नाही? ही म्हणाली, तुम्ही माझं डोकं खाता त्यापेक्षा कमीच. विषय टाळला. ध्यानात ठेवलं.

११ मार्च, सकाळ
लाँचची किल्ली खिळ्यावरून काढली आणि पॅन्टच्या खिशात टाकली. ही सगळे ड्रॉवर उपसत होती. अहो, किल्ली पाहिलीत का? मी कशाला बघू, म्हटलं. मग म्हणाली, आज नका ना जाऊ, पान हलत नाहीये, ऐका माझं.
डाव फसला की माणूस विनवण्यांवर येतो. निघालो.

११ मार्च, संध्याकाळ
दवाखाना. डाव्या हाताने लिहितोय.
प्रवासी एकच होता, विमा एजंट. त्याने विचारलं, आपण केवढ्या उंचीवर आहोत? निवांत बसा, तीस फूट सहज, म्हटलं. तेवढ्यात पाणी आलं. पाणीच वर आलं, या मतावर मी ठाम आहे.
विमान ज्यावर तरंगतं तो खालचा पाय मोडला, विमान कुशीवर झोपलं. एजंटची बरगडी मोडली. आम्ही पंखावर बसलो. धक्क्यावर माणसं लाँचकडे धावली आणि तिथेच उभी राहिली. किल्ली माझ्या खिशात. एजंटला हे सांगण्यासारखं नव्हतं. विमान हळूहळू बुडत होतं.
शेवटी एक होडी आली. मासेमाराची होडी, वल्हवत होती ही. एजंटला आधी घेतलं. मला, जागा उरली म्हणून.

१३ मार्च
साहेब घरी येऊन गेले. चौकशी होईपर्यंत लायसन्स जमा. जाताना म्हणाले की वहिनी पाणी घुसळून ठेवायच्या. लाटा दिसल्या की पाणी कुठे सुरू होतं ते तुम्हाला कळायचं. तुम्हाला सांगायचं नाही, अपमान वाटेल, अशी त्यांची सक्त ताकीद होती.
मला ठाऊक होतं, म्हटलं.
स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरात ठेवलं गेलं. ओली पॅन्ट परवा हिनेच धुतली. धुण्याआधी ही खिसे बघते. अजून एक शब्द बोललेली नाही. हे संशयास्पद आहे. वल्हवून हिच्या तळहातांवर फोड आलेत. पोळ्या आज मी आणल्या, बाहेरून.

१७ मार्च
सफाईवाल्याकडून कळलं, त्या दिवशी हिच्या हातून मासेमाराचं एक वल्हं मोडलं. त्याने त्याचे पैसे कुणाकडे मागितले नाहीत. एवढा चांगुलपणा उगाच नसतो.
बाजारातून तेवढ्याच लांबीचं वल्हं आणलं. मासेमार जेवायला गेला होता. होडीत आडवं ठेवलं आणि कुणी बघायच्या आत घरी आलो.