सात घुमटांचा पाहुणचार

१२ मे, सोमवार. गिर्ने

पोचले एकदाची बेटावर. बोटीत दोनदा ओकले. खोली एवढी मोठी की न्हाणीघर शोधताना पलंगाचा कोपरा घोट्याला लागला. नळ सोन्याचे — म्हणजे सोनेरी. मेहुण्याने, फिक्रेतने, हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "मुलामा आहे." नळ विकण्यात जन्म गेला त्याचा, तेवढं त्याला कळतं.

हॉटेलचं नाव सात घुमट. मी गाडीतून उतरल्या उतरल्या मोजले. सहा. सामान उचलणाऱ्या माणसाला विचारलं, सातवा कुठाय? तर म्हणाला, तो आत कॅसिनोत, छताला रंगवलेला. उत्तम. नावापासूनच थाप.

फुकट आहे सगळं. राहणं, जेवण, बोटीची तिकिटं — माझंसुद्धा. "आम्ही इथले खास पाहुणे आहोत ताई," माझी बहीण सेविंच बोटीत तीनदा सांगत होती. भूगोल शिकवत म्हातारी झाले मी, पण हॉटेलं धर्मशाळा नसतात एवढं कळतं. फिक्रेत इथे हरत असणार, आणि हे लोक त्याच्याच पैशाचं ताट त्याला वाढून वर 'या भाऊ' म्हणत असणार. कितीदा येतात ही दोघं, देव जाणे. या खेपेला सेविंचने लकडाच लावला — चल ना, तिथे मला बोलायला कोणी नसतं. म्हटलं, बिचारी. नवरा दिवसभर आत, ही बाहेर एकटी. धाकटी बहीण आहे, आले.

धक्क्यावर बेराक नावाची मुलगी घ्यायला आली होती. खास पाहुण्यांची सरबराई हेच तिचं काम. फिक्रेतला भाऊ, सेविंचला 'माझी ताई', आणि मिठी. मलाही मिठी. अत्तर अजून अंगाला आहे. सेविंचच्या चहात साखर किती, हे तिला पाठ आहे. मला आठवावं लागलं.

१३ मे

सकाळचा फराळ. चीज किती प्रकारचं होतं याचा हिशोब मी सोडून दिला. माणसं ताटं अशी भरत होती की जणू उद्यापासून वेढा पडणार आहे. एका गृहस्थाच्या ताटात मधावर सॉसेज, त्यावर हेलीम चीज, त्यावर टरबूज. खाल्लं काही नाही. उरलं ते सगळं तसंच टाकून पुन्हा नवीन ताट घ्यायला गेला.

प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी. सोनेरी, चंदेरी, आणि माझी पांढरी — हॉस्पिटलात बाळाला बांधतात तशी. सोनेरीवाल्यांना समुद्राकडचे कोच. पांढऱ्यांना बाजूला, मुतारीच्या वाऱ्यावर. सेविंचची सोनेरी आहे. फिक्रेतची चंदेरी. काहीतरी घोटाळा झाला असेल.

वाढणारा माणूस इथलाच, गिर्नेजवळच्या खेड्यातला. मी विचारलं, तुम्ही खेळता का कधी? हसला. म्हणाला, बेटावरच्या लोकांना आत जायला कायद्याने बंदी आहे. वा! विष शिजवायचं, पण घरच्यांनी चाखायचं नाही.

१४ मे

तलावावर बायकांची बैठक. सगळ्या खेळणाऱ्यांच्या बायका. सकाळी दहापासून तेल लावून पडतात आणि कॉफी पितात, मग पेले उपडे करून गाळात भविष्य बघतात. कोणाचं? नवऱ्यांचं. आज कुठलं टेबल देईल, कुठला आकडा. देवाला साकडं घालायचं तर निदान दोन चांगल्या गोष्टी मागाव्यात!

पेरिहान नावाची बाई त्यांची म्होरकी. अंतेप शहरातली. नवरा नाझ्मी बाकलावा मिठाईवाला, चांगली दोन दुकानं. ही मे महिन्यात खांद्यावर लोकरीची शाल घेते, कारण आत कॅसिनोत गारठा फार. कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या. एक चेपलेली. "नवऱ्याला मारताना चेपली," म्हणाली, "पण डोकं त्याचं तसंच आहे." आवडली मला.

माझा पेला बघून तिने सांगितलं, प्रवास दिसतो. म्हटलं, कालपरवाच केला. जराही डगमगली नाही. "मग परतीचा."

सेविंच थोडा वेळ बसली आणि डोकं दुखतं म्हणून खोलीत गेली.

१५ मे

सेविंचचं डोकं आजही. फिक्रेत तिच्यापाशी बसलाय म्हणे. जुगाऱ्याला एवढी माया कधीपासून फुटली?

१६ मे, शुक्रवार

लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

दुपारी पेरिहान मला म्हणाली, तुमची बहीण नशिबाची. मी विचारलं, का बाई? तर म्हणे, "माझा नाझ्मी टेबलाशी असला की मला जवळ फिरकू देत नाही, म्हणतो तुझा पाय अवलक्षणी. आणि तुमचा मेहुणा बघा. ती खेळत असते आणि हा तासन्‌तास मागे उभा, तिची पर्स धरून."

मी म्हटलं, ती खेळते? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलंय, समुद्र ओला असतो का.

उठले आणि तशीच आत गेले. पोहायच्या चपला घालूनच. आत खिडकी नाही, घड्याळ नाही, दुपारही नाही. वर तो सातवा घुमट, निळ्या रंगाचा, त्यावर ढग — एका ढगाचा पापुद्रा निघालाय. यंत्रांच्या रांगा, प्रत्येक यंत्रापुढे एकेक माणूस, दूध काढायला बसल्यासारखा.

शेवटच्या रांगेत सेविंच. डोकेदुखीचं नावनिशाण नाही. तिच्यामागे फिक्रेत, एका हातात पर्स, दुसऱ्या हातावर तिचा स्वेटर. तिची बोटं बटणावर होती, पण दाबायच्या आधी ती यंत्राच्या कडेवरून हात फिरवायची, जसं तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात. पोटच्या पोरीला तिने इतक्या वेळा कुरवाळलं असेल असं मला वाटत नाही.

मी हाक मारली. तिने मान वळवली नाही. म्हणाली, "ताई, आत्ता नको. आत्ता कुठे तापलंय ते."

म्हणे तापलंय. काय भाकरी टाकायचीय त्याच्यावर?

फिक्रेतने मला खुर्ची आणून दिली. मी बसले नाही. तो मात्र ओशाळला होता, तिच्या वाटणीचाही. म्हणजे इतकी वर्षं मी मनात ज्याला शिव्या देत होते तो इथे हमाल आहे, आणि खास पाहुणी आहे माझी बहीण.

१७ मे

सकाळीच गाठलं तिला, चहा घेताना. तिने नाही म्हटलं नाही, रडली नाही, लपवलंही नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "इथे दारात पाऊल टाकलं की माणसं मला नावाने हाक मारतात. मेर्सिनला घरी कोण मारतं? पोर इझ्मीरला. फिक्रेत दुकानात. तू फोन करतेस, पण तोही माझी चूक काढायला."

मी म्हटलं, ती माणसं पगारी आहेत. ती म्हणाली, "असू देत. हाक तर मारतात."

मी तिच्या चहात साखर ढवळली.

मग बेराककडे गेले. म्हटलं, माझ्या बहिणीला आत सोडू नका. तिने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी — नळ बरा, निदान पिळावा तरी लागतो. म्हणाली, "ताई, तुमची काळजी मला कळते. पण तुम्ही बहीण. ताईंनी स्वतः सांगितलं किंवा भाऊंनी, तर दार आजच बंद करू. आम्ही माणुसकी मानतो." आणि मला पाय चोळून घ्यायचं कूपन दिलं.

फिक्रेत खाली धक्क्याच्या भिंतीवर बसला होता. मी म्हटलं, तू नवरा आहेस, एक शब्द टाक. सुटेल ती यातून. स्वतः त्याने आजवर बटणाला बोट लावलेलं नाही, असं शपथेवर सांगतो.

"मुअल्लाताई, घरी आम्ही टीव्ही बघतो आणि झोपतो. इथे ती जिंकली की मागे वळून माझ्याकडे बघते."

"आणि हरली की?"

"तेव्हाही बघते."

आता या माणसाला काय म्हणावं?

पाय चोळून घेतले. कूपन वाया का घालवा.

१८ मे, रविवार

हॉटेलच्या दिवाणखान्यात, फुलदाण्यांच्या मध्ये, एक सोनार आहे. पहिल्या दिवसापासून मला कोडं होतं की सुट्टीवर आलेली माणसं दागिने कशाला घेतील. आज कळलं. इथे घ्यायला नाही, द्यायला येतात.

पेरिहान सकाळी तलावावर आली ती लांब बाह्यांचा अंगरखा घालून. त्या उकाड्यात. पेला उपडा केला नाही, कोणाचं भविष्य सांगितलं नाही. कोणी काही विचारलंही नाही — या बायका तेवढी सभ्यता पाळतात, सवयीने.

सेविंचला मी कॉफीला घेऊन निघाले होते. सोनाराच्या काचेपाशी ती थबकली. मखमलीवर बांगड्यांची चळत, आणि तिसरी चेपलेली. आत नाझ्मी उभा होता, सोनार त्याला चहा देत होता, आणि दोघं कसल्याशा विनोदावर हसत होते.

सेविंच किती वेळ काचेला नाक लावून उभी होती. मी म्हटलं, बघ, हे असं असतं. (चूक काढणं सुटतं का माझं!) तिने आपला हात वर केला, मनगट माझ्या डोळ्यांपुढे धरलं. तिच्या लग्नातल्या बांगड्या, आईने घातलेल्या. रोज बघते मी त्या.

"आईच्या गेल्या वर्षीच गेल्या. याच काचेत होत्या. या पितळेच्या, फिक्रेतने करून आणल्या, तुला कळू नये म्हणून."

मी तिचा हात धरला. पितळ उन्हात चटकन तापतं, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

मग ती म्हणाली, "ताई, मला घरी ने."

१९ मे

युवक दिनाची सुट्टी. हॉटेलभर झेंडे, दुपारी तलावावर बँड, आणि लहान लहान पट्ट्यापट्ट्यांचे लाल-पांढरे केक. बोटी भरलेल्या, तिकिटं उद्याची मिळाली.

सेविंच स्वतः बेराककडे गेली. मी सोबत. म्हणाली, "माझं दार बंद करा. कायमचं." बेराकने सही घेतली, सोनेरी पट्टी कापली, मिठी मारली, लोकूम मिठाईचा डबा दिला. वर म्हणाली, "फार धीराचं केलंत ताई. परत याल तेव्हा बोलू." बोलू म्हणे!

सेविंच दिवसभर थरथरत होती. ताप नाही, काही नाही. मी तिच्याशेजारी झोपले, लहानपणी झोपायचो तशा, भिंतीकडे ती आणि कडेला मी. चूक काढणारं एक अक्षर बोलले नाही. बोलायचं ते सगळं गिळलं. पोट दुखतंय.

फिक्रेत तिच्या पायाशी खुर्ची घेऊन बसला. ती झोपली तरी उठला नाही. मी म्हटलं, झोप आता, उद्यापासून तुलाही सुट्टी. त्याने मान हलवली, पण त्याला ऐकू आलंय असं मला वाटलं नाही.

२० मे

निघालो. सकाळी फिक्रेतने सामान टॅक्सीत भरलं, दार बाहेरून लावलं आणि खिडकीत वाकून म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी उद्याच्या बोटीने येतो, बेराकचे आभार मानायचे राहिलेत. मला बरं वाटलं. म्हटलं, बहिणींना जरा मोकळं सोडतोय, समजूतदार आहे.

बोटीत सेविंचने सिमित, तिळाचं पावाचं कडं, खाल्लं. अर्धं सीगलना टाकलं. मला ओकारी झाली नाही.

२१ मे. मेर्सिन

सेविंच माझ्याकडेच आहे. सकाळी ओटा घासला, कोणी न सांगता. फिक्रेत आला नाही. बोट चुकली असेल.

२२ मे

फोन उचलत नाही. बेराकला लावला, ती म्हणाली भाऊ मजेत आहेत, काळजी नको. ती काळजी नको म्हणाली तेव्हापासून मला काळजी आहे.

२४ मे, शनिवार

फिक्रेतचा फोन. आवाज एवढा खणखणीत की मी आधी ओळखलाच नाही. म्हणाला, "मुअल्लाताई, तिला सांगा, तिला काय व्हायचं ते आता कळलं मला. तिच्याच जागेवर बसलोय." सेविंचने हळूच माझ्या हातून फोन घेतला, कानाला लावला, आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं —

"तापलंय का?"