गवतावरचा कपभर चहा

रहाटणी,
१२ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप मामा,

जावई ज्योतीरामचा दंडवत. आपला गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला उतरला असेलच. आपली लेक कस्तुरा तिकडे चाकणला येऊन आज तेवीस दिवस झाले. (मी मोजत नव्हतो, गोबरगॅसच्या टाकीच्या वहीत तारखा आहेत.) तिने आपल्याला अर्धीच हकीकत सांगितली असणार, म्हणून उरलेली लिहितो.

गोबरगॅसला चार जनावरं लागतात, असं शेतकीचे साहेब म्हणाले. आमच्याकडे म्हैस एकच. पण म्हैस तरी काय खाते? गवतच. मग बाकीच्या तीन म्हशींचं काम नुसत्या गवताने का होऊ नये, हा विचार मला ड्यूटीवर लेथपाशी सुचला. (त्या दिवशी एक जॉब बिघडला.) कंपनीच्या मोकळ्या रानात कमरेएवढं गवत माजलं होतं. ते मागून आणलं आणि पेंढ्याच्या पेंढ्या टाकीतल्या शेणकाल्यात सोडल्या. गॅस येणारच, म्हणून त्याच दिवशी स्वयंपाकघरातली चूल फोडली. इथे थोडी घाई झाली.

पेंढ्या वर तरंगून त्यांची गादी झाली आणि टाकीवरचं गॅस साठायचं लोखंडी पिंप एका अंगाला कललं. वास असा, की शेजारच्या गोजाबाई आमच्याकडे कोण आजारी आहे ते विचारून गेल्या. कस्तुराने नऊ दिवस अंगणात तीन दगडांवर भाकरी केल्या. दहाव्या दिवशी टाकीत डोकावून म्हणाली, "म्हैस आधी चावते, मग रवंथ करते. तुमच्या टाकीला दात कुठायत?" आणि पिशवी भरायला लागली. दारातून एवढंच बोलली, "त्याच्यावर कपभर चहा झाला की कळवा."

मामा, ते दातांचं मला सुचलंच नव्हतं. मग गादी उपसली. गवत कडबा कापायच्या यंत्रावर बोटाच्या पेराएवढं बारीक केलं, दोन दिवस भिजवलं, शेणात कालवून रोज थोडं थोडं घातलं. पहिले काही दिवस गॅस यायचा, पण काडी लावली की विझायचा. (का, ते अजून शोधतो आहे.) काल मात्र जाळ धरला. निळा, काजळी नसलेला. आधणाला उकळी आली.

आपला,
ज्योतीराम

ता. क. चहा झाला खरा, पण गॅसही तेवढ्यावरच संपला. भाकरीपुरता व्हायला अजून किती गवत लागेल, ते पाहतो आहे. तिला चहापर्यंतचंच सांगावं.

दुसरा ता. क. ती आपणहून येते म्हणणार नाही, आणि मला ये म्हणवत नाही. तेव्हा रविवारी टाकी पाहायला आपणच या, आणि रहाटणीचा रस्ता आठवत नाही म्हणून तिला बरोबर घ्या.