लाल रेषेचं वय

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, लग्न ठरलेलं नाही. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं स्वतःच बोलतेस, म्हणून लिहायला बसलो.

दोन महिन्यांपूर्वी गोदामात एक खोका डोक्यावर पडला. जखम भरली, पण डाव्या भुवईवर बोटभर व्रण राहिलाय, लालभडक. आरशात आधी तोच दिसतो. तुमच्या दवाखान्यात ते लेसरचं मशीन तूच चालवतेस ना? त्याने लालपणा जातो का, दुखतं किती आणि किती दिवसांत जातो, ते सविस्तर कळव. मला जरा घाई आहे.

कंपनीत वातावरण वाईट आहे. ज्यांनी मला गाडी शिकवली ते मास्तर अडकलेत. जानेवारीत आमच्या गाडीने एका सायकलवाल्या बाईंना उडवलं आणि ड्रायव्हर थांबलाच नाही. गाडी त्या संध्याकाळी कंपनीच्या वहीत मास्तरांच्या नावावर होती. बाई अजून बेशुद्ध आहेत. मास्तर म्हणतात, मी तापाने घरी पडलो होतो. बायको गावाला गेलेली, घरी एकटेच होते, मग कोण विश्वास ठेवणार? असो.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बंड्या

९ मार्च

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

खोका पडला आणि मला आत्ता कळतंय! लहानपणी मुंगी चावली तरी सगळी आळी गोळा करायचास. टाके कुणी घातले? की घातलेच नाहीत?

आता नीट वाच. डोळ्यांवर जाड चष्मा चढवून तुला आडवं करीन. मशीन टक् टक् करतं आणि दर वेळी ताणलेलं रबरबँड कातडीवर सुटल्यासारखं लागतं. सोबत गार हवा सोडतो, त्यामुळे निभतं. दहा मिनिटांत आटोपतं. नंतर तिथे जांभळं पडेल, भुवई सुजेल. बघणाऱ्याला वाटेल कुठून तरी मार खाऊन आलास. आठवडा-दीड आठवड्यात ते उतरतं. चोळायचं नाही, उन्हात टोपीशिवाय फिरायचं नाही. पुढची वेळ महिन्याभराने, आणि अशा तीन-चार वेळा तरी यावं लागेल. इथे घाई चालत नाही. रेषा कायमची पुसली जात नाही बरं का, फक्त फिकट होते. व्रण लाल आहे तोवर तो ताजा. लाली गेली की तो दोन वर्षांचा की वीस, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

आणि आधी फोटो काढल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही, मग समोर भाचा असो की राजा. शनिवारी ये. केस विंचरून ये.

मास्तरांचं वाचून घास उतरला नाही. तुला गाडी शिकवताना त्या माणसाने तुझ्या चुकांपायी मालकाच्या किती शिव्या खाल्ल्या! त्यांना भेटून ये. भेटलास का?

तब्येत सांभाळ, नाहीतर कान उपटायला येईन.
तुझी मावशी

२८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तस्संच झालं. दोन दिवस डोळा अर्धा मिटलेला होता, मग जांभळं, मग पिवळट. आता लाली खरंच थोडी उतरलीय. मी टोपी काढतच नाही. पोरं चिडवतात, टक्कल पडलं का म्हणून.

पुढची वेळ अलीकडे घेता येईल का? दहा तारखेला पोलिसांनी सगळ्या ड्रायव्हरना कंपनीत बोलावलंय. मास्तरांनी आता नवंच काढलंय. म्हणतात, ताप होता म्हणून किल्ली बंड्याकडे दिली, गाडी तोच चालवत होता, धडकेत फुटलेलं त्याचं कपाळ बघा. म्हातारा माणूस घाबरला की काहीही बोलतो, मी मनावर घेत नाही. कंपनीच्या साहेबांना मी सांगितलंय की हा व्रण लहानपणचा आहे, मावशीच्या घरी जिन्यावरून पडलो होतो. तुला कुणी विचारलं तर तेवढं सांग. आणि तो फोटो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कशाला ठेवतेस? उगाच जागा अडते. काढून टाक.

तुझ्याशिवाय मला आहे कोण, एवढं ध्यानात ठेव.
तुझा,
बंड्या

ता. क. त्या बाई परवा गेल्या. मास्तरांचं आता कठीण दिसतं.

२ एप्रिल

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिताना हात अडखळला, तरी लिहिले. ते तुझेच आहेत.

तुला जन्म माझ्या बहिणीने दिला, पण न्हाऊमाखू घातलं ते मी. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून रोज याच कपाळावर हात धरायचे. त्या कपाळावर ओरखडासुद्धा नव्हता. आणि मी आयुष्यभर तळमजल्यावर राहिले रे. कुठल्या जिन्यावरून पडलास? दुसऱ्या कुणाला हे सांगायला लावलं असतंस तर खपलं असतं. मलाच कसं सांगायला लावतोस?

शनिवारी तू खुर्चीत होतास तेव्हाच विचारायचं मनात आलं होतं. खोका वरून पडला, तर रेष आडवी कशी? पण तू गार हवेने डोळे मिटून घेतलेस, अगदी लहानपणीसारखे, आणि मला धीर झाला नाही. मशीन चालवत राहिले. ती लाली मी माझ्या हाताने उतरवली याची मला फार भीती वाटते. रात्री उठून मी माझे हात बघते.

काल मास्तरांच्या घरी जाऊन आले. मास्तरांनी घरी तुझं नाव अजून काढलेलं नाही; बायकोने चहा केला आणि भोळेपणाने विचारलं, बंड्या बरा आहे ना, बऱ्याच दिवसांत आला नाही. चहा तसाच ठेवून उठले.

पुढची वेळ मी देणार नाही. फोटो काढून टाकलेला नाही, त्याची प्रत माझ्या पर्समध्ये आहे. दहा तारखेला सकाळी मी कंपनीच्या फाटकाशी उभी असेन. तू आधी बोललास तर तुझा हात धरून आत येईन, शेवटपर्यंत सोडणार नाही. तू बोलला नाहीस, तर मी बोलेन.

माझा लोभ तुटलेला नाही, म्हणूनच येते आहे.
तुझी मावशी

ता. क. टोपी घालून येऊ नकोस.