टाकीतलं मऊ पाणी

३ नोव्हेंबर
चाकणला रुजू झाले. दारावर पाटीही लागली: आरफा शेख, सुरक्षा अधिकारी! कंपनी भट्टीत धातू वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओतते आणि तपासते. पाण्यात एक पावडर विरघळवतात, त्यात भाग बुडवतात आणि अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा दाखवून विझवतात. भेगेत शिरलेलं पाणी दिवा गेल्यावरही हिरवं तेवत राहतं. तपासणीला तनुजा आहे, सातवा महिना. तिनं डब्यातली डाळ आग्रहानं वाढली. झकास होती.

११ नोव्हेंबर
वस्तीतल्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून कामावरच्या बायका तपासणीच्या नळाचं मऊ पाणी कॅन भरून घरी नेतात. पूर्वी पावडर भाग बुडवायच्या टाकीत पडायची. आता नळाआधीच मिसळतात. पाण्याला रंग नाही, वास नाही, आणि बायकांना कुणी सांगितलंही नाही. मॅनेजर मुरारीरावांशी भांडले. त्यांनी विचारलं, भाषण संपलं का मॅडम? मग कँटीनमध्ये बायकांसमोर उभी राहिले, ते पाणी नेऊ नका म्हटलं. त्यांच्यातल्या चिमाबाई म्हणाल्या, तोंडात एवढी वाफ हाय तर आमची डाळबी शिजवून द्या की. सगळ्या हसल्या. आयुष्यभर सभेत, गेटवर लोकांना हेच सांगत आले. थकले.

१८ नोव्हेंबर
दिवा विझला, तनुजाचं पोट विझलं नाही. अ‍ॅप्रनमधून हिरवा उजेड. त्या उजळ पाण्यात बाळाची काळी सावली, मिटलेली मूठसुद्धा. घरी जा म्हटलं. ती म्हणाली, गेले व्हते ताई, अंधारात बाळ हलतच न्हाई. उन्हात बसून पाहिलं, दवाखान्यातही गेली. त्याला हाच दिवा लागतो.

२५ नोव्हेंबर
दात घासताना वीज गेली. आरशात माझं तोंड आतून हिरवं —
तनुजाच्या डब्यातली तीच डाळ. नळाचं कळेपर्यंत रोज खाल्ली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दुरुस्तीसाठी वीज बंद. जनरेटर फक्त भट्टीला. मुरारीराव म्हणाले, एका दिव्यासाठी भट्टी थांबवू का.
तनुजाच्या पोटातला उजेड उतरतोय. सावली निपचित. तिनं माझा हात धरलाय.
मी ओरडले. तोंडातल्या उजेडानं भिंत उजळली. सावलीनं मूठ उघडली.
बोलत राहा, म्हणते. बोलतेय. सभेतलं, गेटवरचं, कायदे, हक्क — काय बोलतेय ते —
जीभ कोरडी. उजेड मंद. नळ एकच, पाणी तेच —
प्यायले. पुन्हा.
कुणी हे वाचलं तर आधी तो नळ बंद करा. एवढं लिहायला गप्प झाले आणि मूठ मिटत —