सहा डिसेंबरचं बदक

उचगाव, जानेवारी २००६

प्रिय प्रसेनजीत,

आज्जीचा जयभीम. तुझ्या आईच्या हातानं लिहिते आहे. माझं बोलणं ती धुऊन-पिळून कागदावर वाळत घालते, तेव्हा म्हातारी शिकली म्हणून हुरळू नकोस.

तू विचारलंस, तळ्यावरच्या पक्ष्यांची यादी छापायची आहे, तर पप्पांची चौऱ्याण्णव सालची ती नोंद ठेवू की खोडू? बापाला खोटं ठरवायचं का, हे पोरगं पोस्टकार्डावर विचारतंय! लई शिकलास बाबा.

नोंद मला पाठ आहे. सहा डिसेंबर, सकाळ, गावतळं, नर एक, मी स्वतः पाहिला. आपल्या मुलखात कधी न दिसलेलं बदक. पक्षीमित्रांच्या बैठकीत पिराजी उठला नि म्हणाला, भाऊसो, सहा तारखेला तू माझ्या म्होरं दादरच्या रांगेत हुतास की! चैत्यभूमीवर बदक उतरलं व्हय? सगळे हसले. माझा भाऊसो वही उचलून घरी आला, तो पुन्हा तळ्याकडं फिरकला नाही. दोन वर्षांत काविळीनं गेला.

तेव्हापासून थंडी पडली की तो येतो. भिऊ नकोस, जेवायला मागत नाही. मी म्हशी पाण्यात घातल्या की पाठीमागं उभा राहतो नि पहिल्यासारखंच विचारतो, आये, चोच कसली? डोकं कुठल्या रंगाचं? मी सांगते, थापट्या बदक आलंय, चोच उलथन्यागत. गाव म्हणतं, म्हातारी पाण्याशी बोलते. त्या एका बदकाचं मात्र तो कधीच विचारत नाही. तेच मला खातं.

तर ऐक. तुझा बाप तळ्यावर जायचा फक्त रविवारी. बाकी दिवस शिरोलीच्या फौंड्रीत. मग वहीत आठवडाभराच्या नोंदी कुठून आल्या? माझ्या वाकळेतून. मला अक्षर येत नाही, टाका येतो. दिसलेलं बदक मी त्याच रंगाच्या दोऱ्यानं वाकळेच्या काठाला टिपायची. तो कामावरून आला की एकेका टाक्यावर बोट ठेवून विचारायचा नि वहीत उतरवायचा. सहा डिसेंबरला तो मुंबईत, मी पाण्याकाठी. त्या नराचं तोंड सोंगाला रंगवल्यागत, पिवळं नि हिरवं, मधी काजळाची रेघ. भाऊसो परतला, टाका बघितला, पुस्तक उघडलं नि अंगणात नाचला. आये, तुझं नाव लिवतो म्हणाला. मीच हात धरला. अंगठेवाल्या बाईचे डोळे कोण खरे मानतंय? हसतील. तुझंच लिही, नि माझी शपथ आहे, कुणाला सांगू नकोस. भर बैठकीत त्यानं माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. नाही घेतलं. मीही तोंड उघडलं नाही. आधी लोक हसतील म्हणून, नंतर तुम्ही मला काय म्हणाल म्हणून.

तुझ्या आईचा हात थांबलाय. तिला हे आजच कळतंय. अकरा वर्षं तिनंही त्याला मनातून खोटाच धरला होता. थांब जरा, डोळे पुसू दे तिला.

हां. म्हणून हे पत्र. वाकळेचा तो कोपरा कापून सोबत घातलाय, तुझ्या पुस्तकाशी ताडून बघ. बदक खोडू नकोस. 'मी स्वतः पाहिला' तेवढंच खोड, नि तिथं तानूबाई लिही. हसू देत लोकं.

तुझीच,
आज्जी
(हा शाईचा डाग न्हवं, माझा अंगठा हाय)